ब्राउझर ओळखीचा नाही म्हणून लॉगिन अडले तर

ईमेलचा पत्ता बरोबर असतो, पासवर्डही बरोबर असतो, तरी खाते उघडत नाही. हा ब्राउझर किंवा अ‍ॅप कदाचित सुरक्षित नसेल, दुसऱ्या ब्राउझरमधून प्रयत्न करा, अशा आशयाचा संदेश पडद्यावर येतो. क्रोम, एज, सफारी किंवा फायरफॉक्स वापरणाऱ्यांना तो सहसा दिसत नाही. तो दिसतो फाल्कन, कॉन्करर, क्यूटब्राउझर, पेल मून अशा कमी परिचित ब्राउझरांच्या वापरकर्त्यांना. जुना संगणक धिम्या गतीने चालतो म्हणून कुणी हलका ब्राउझर घेतलेला असतो, कुणी लिनक्सवर काम करत असतो, तर कुणाला आपण काय वाचतो याचा माग दुसऱ्याने ठेवलेला नको असतो. ही सगळी माणसे विचार करून निवड करणारी आहेत, आणि नेमक्या त्यांनाच असुरक्षित ठरवले जाते.

ही अडचण बहुतेकदा नको त्या वेळी येते. प्रवेशअर्जाची मुदत संपत आलेली असते, मुलाखतीचे पत्र ईमेलमध्ये अडकलेले असते, किंवा माणूस परदेशात असतो आणि ओटीपी येणारा मोबाइल नंबर भारतातला असतो. म्हणून हा विषय केवळ तंत्रज्ञांचा नाही. लॉगिन का अडते, अडल्यावर काय करावे, काय करू नये आणि आधीपासून कोणती तयारी ठेवावी, ते इथे क्रमाने पाहू.

अडवण्यामागचे कारण

या निर्बंधांमागचा धोका खरा आहे. फसवणूक करणारा खोटे लॉगिन पान तयार करतो आणि त्याची लिंक तुम्हाला पाठवतो. तुम्ही त्या पानावर पासवर्ड लिहिला की त्याचा प्रोग्रॅम तो त्याच क्षणी खऱ्या पानावर भरतो. खऱ्या पानाने ओटीपी मागितला की खोटे पानही ओटीपी मागते. तुम्ही तो दिलात की खाते त्याच्या हाती जाते. या कामासाठी त्याच्याकडे बहुधा प्रोग्रॅमच्या आत बसवलेला आणि आपोआप चालणारा ब्राउझर असतो. पलीकडे खरा माणूस आहे की असा मध्यस्थ प्रोग्रॅम, हे कंपनीच्या सर्व्हरला ओळखणे अवघड जाते.

अशा ब्राउझरांसाठीचे दार गूगलने टप्प्याटप्प्याने बंद केले. अ‍ॅपच्या आतच पान दाखवणाऱ्या वेबव्ह्यूमधून गूगल खात्याची परवानगी देण्याचा मार्ग एप्रिल 2017 पासून बंद झाला. ऑक्टोबर 2018 च्या अखेरीस लॉगिन पानावर जावास्क्रिप्ट चालू असण्याची सक्ती आली. 'क्रोमियम एम्बेडेड फ्रेमवर्क'सारख्या, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बसवता येणाऱ्या ब्राउझरांतून होणारे लॉगिन जून 2019 पासून रोखणार, अशी घोषणा एप्रिल 2019 मध्ये झाली. जानेवारी 2021 पासून नियम आणखी कडक झाले. ब्राउझरने आपली ओळख स्पष्ट सांगावी, वेबची प्रचलित मानके पुरेशी पाळावीत, वापरकर्ता आणि सर्व्हर यांच्यातल्या संवादात फेरफार करू नये, तो केवळ मजकूर दाखवणारा किंवा पडद्याविना चालणारा नसावा, अशा त्या अटी आहेत.

या जाळ्यात निरपराध ब्राउझरही सापडले. डिसेंबर 2019 मध्ये कॉन्करर, फाल्कन आणि क्यूटब्राउझर वापरणाऱ्या अनेकांना गूगलच्या खात्यात शिरता येईना. त्याच ब्राउझरवर कुणाचे लॉगिन होई, कुणाचे होत नसे, त्यामुळे कारण शोधणे आणखी कठीण झाले. हे तिन्ही ब्राउझर मुक्त स्रोताचे आहेत. त्यांचा कोड कुणालाही वाचता येतो. पण दारावरच्या तपासणीला ते ओळखीचे नव्हते.

ब्राउझर स्वतःचे नाव कसे सांगतो

प्रत्येक ब्राउझर कोणतेही पान मागताना 'यूजर एजंट' नावाची एक ओळ सर्व्हरला पाठवतो. तिच्यात त्याचे नाव, आवृत्ती, इंजिन (पान पडद्यावर उभे करणारा ब्राउझरचा गाभा) आणि संगणकाची प्रणाली लिहिलेली असते. दारावर आलेल्या पाहुण्याने आपले नाव आपणच सांगावे, तशी ही ओळ आहे. ती खरी असल्याचा कोणताही पुरावा तिच्यासोबत नसतो.

या ओळीचा इतिहास पाहिला की नावावर भरवसा ठेवण्यातली अडचण लक्षात येते. नव्वदच्या दशकात नेटस्केप स्वतःला मोझिला म्हणवत असे आणि पुष्कळ संकेतस्थळे चांगली पाने त्यालाच देत. मग इंटरनेट एक्स्प्लोररनेही आपल्या ओळीत मोझिला हा शब्द घातला. पुढे केडीई या मुक्त स्रोताच्या प्रकल्पातल्या कार्यकर्त्यांनी कॉन्कररसाठी केएचटीएमएल हे इंजिन लिहिले. अ‍ॅपलने 2003 मध्ये आणलेला सफारी त्याच इंजिनाच्या पायावर उभा राहिला. त्यातून वेबकिट तयार झाले, आणि गूगलने 2013 मध्ये वेबकिटपासून ब्लिंक वेगळे केले. ब्लिंक हे आजच्या क्रोमचे इंजिन आहे. क्रोमच्या ओळीत आजही 'केएचटीएमएल, लाइक गेको' हे शब्द आहेत. ज्या कॉन्कररच्या वंशातून क्रोमचे इंजिन आले, त्याच कॉन्कररला 2019 मध्ये दाराबाहेर थांबावे लागले.

लहान ब्राउझरांनी यावर एक उपाय काढला, पण तो महागात पडणारा आहे. विवाल्डीने डिसेंबर 2019 मध्ये, 2.10 या आवृत्तीपासून, बहुतेक संकेतस्थळांना स्वतःचे नाव सांगणे बंद केले आणि क्रोमची ओळख पुढे केली. ब्रेव्हही क्रोमचीच ओळ पाठवतो. यामुळे वापरणाऱ्यांची सोय झाली, पण हे ब्राउझर संकेतस्थळांच्या मोजणीत क्रोम म्हणून धरले जाऊ लागले. मोजणीत जो दिसत नाही, त्याच्यासाठी चाचणी करायला कुणी तयार होत नाही. चाचणी झाली नाही की पान मोडते, आणि पान मोडले की लोक तो ब्राउझर सोडतात.

आधी संदेश नीट वाचा

लॉगिन अडले की बहुतेक जण पासवर्ड बदलायला धावतात. पण अडवणूक चार प्रकारची असते आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

पहिला प्रकार : ब्राउझर किंवा अ‍ॅप सुरक्षित नाही, असे सांगितले जाते. इथे प्रश्न ब्राउझरच्या ओळखीचा आहे. पासवर्ड बदलून काहीही साधणार नाही.

दुसरा प्रकार : तुम्ही माणूस असल्याची खात्री करा, असे सांगणारे पान पुन्हा पुन्हा येत राहते आणि पुढे सरकत नाही. हे काम क्लाउडफ्लेअरसारख्या मध्यस्थ सेवांच्या रोबो-प्रतिबंधक तपासणीचे असते. पेल मूनच्या वापरकर्त्यांना 2025 च्या सुरुवातीला याचा मोठा त्रास झाला. या तपासणीमागे असलेली असंख्य संकेतस्थळे एकाच वेळी बंद होतात, म्हणून हा प्रकार जास्त जाचक आहे.

तिसरा प्रकार : ब्राउझर जुना आहे, अपडेट करा, असे सांगितले जाते. यात बहुतेकदा तथ्य असते. विंडोज 7 आणि 8.1 वर क्रोमची 109 ही शेवटची आवृत्ती होती, आणि 2023 पासून त्या प्रणालींवर नवा क्रोम येत नाही. फायरफॉक्सचीही या प्रणालींवरची शेवटची मालिका 115 ही आहे.

चौथा प्रकार : हे खाते तुमचेच आहे याची खात्री पटली नाही, असे सांगितले जाते. इथे दोष ब्राउझरचा नसून नव्या ठिकाणाचा, नव्या उपकरणाचा किंवा व्हीपीएनचा असू शकतो. नेहमीच्या जागेवरून, नेहमीच्या फोनवरून किंवा संगणकावरून प्रयत्न केल्यास बरेचदा मार्ग मोकळा होतो.

घरच्या घरी करायची तपासणी

ब्राउझरला दोष देण्याआधी पुढच्या गोष्टी याच क्रमाने पाहा.

1. ब्राउझर अपडेट करा. तुमच्या लिनक्स वितरणाने जुनी आवृत्ती दिली असेल, तर ब्राउझरच्या अधिकृत संकेतस्थळावर सध्याची आवृत्ती कोणती आहे ते पाहा.
2. लॉगिन पानासाठी जावास्क्रिप्ट आणि कुकीज चालू आहेत का ते तपासा. जाहिराती किंवा स्क्रिप्ट रोखणारे एक्स्टेंशन तेवढ्या पानापुरते बंद करा.
3. संगणकाची आणि फोनची तारीख आणि वेळ बरोबर असू द्या. घड्याळ चुकले की सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र अवैध ठरते आणि अ‍ॅपमधून मिळणारा ओटीपीही चुकतो.
4. व्हीपीएन किंवा प्रॉक्सी बंद करून पाहा. ऑफिसच्या किंवा महाविद्यालयाच्या नेटवर्कवर असाल तर घरच्या जोडणीवरून प्रयत्न करा.
5. पूर्वी कधी यूजर एजंट बदलणारे एक्स्टेंशन घातले असेल तर ते काढा. त्यात पडून राहिलेली जुन्या आवृत्तीची ओळ पुष्कळदा अडवणुकीचे मूळ असते.
6. दोनतीन प्रयत्नांनंतर थांबा. लागोपाठचे अपयशी प्रयत्न हल्ल्यासारखे दिसतात आणि खाते काही काळ गोठू शकते.

एवढे करूनही लॉगिन झाले नाही, तर तेच खाते त्याच संगणकावर फायरफॉक्समधून उघडून पाहा. तिथे उघडले, तर अडवणूक ब्राउझरच्या ओळखीवरून होते आहे असे धरून चालायला हरकत नाही.

ओळख बदलून प्रवेश घ्यावा का

यूजर एजंटची ओळ बदलण्याची सोय अनेक ब्राउझरांच्या सेटिंगमध्ये असते. 2019 ची अडवणूक सुरू झाल्यावर क्यूटब्राउझरने गूगलच्या लॉगिन पानापुरती फायरफॉक्सची ओळख सांगण्याची सोय ब्राउझरमध्येच केली. हा उपाय करून पाहायचा असेल तर तीन पथ्ये पाळा. बदल फक्त अडलेल्या संकेतस्थळापुरता ठेवा. तुमच्या ब्राउझरच्या कर्त्यांनी अधिकृतपणे सुचवलेली ओळच वापरा. आणि तिने काम झाले नाही तर ती लगेच काढून टाका.

याचे कारण असे की आजची तपासणी केवळ त्या ओळीवर थांबत नाही. क्रोमच्या वंशातले ब्राउझर 'क्लायंट हिंट्स' नावाची वेगळी माहितीही पाठवतात. सुरक्षित जोडणी करताना ब्राउझर कोणत्या क्रमाने कोणते पर्याय मांडतो, त्यावरूनही त्याची जात ओळखता येते. ओळ एक सांगते आणि बाकीच्या खुणा दुसरेच सांगतात, असे झाले की संशय वाढतो. शिवाय ब्राउझरने खरी ओळख सांगावी अशी गूगलची अट आहे. म्हणून हा तात्पुरता इलाज समजा. ज्या खात्यावर तुमचे काम, पैसे किंवा शिक्षण अवलंबून आहे, त्याच्यासाठी यावर विसंबू नका.

या गोष्टी टाळा

लॉगिन अडलेला माणूस घाईत असतो, आणि फसवणूक करणारे त्या घाईचा फायदा घेतात. लॉगिनची अडचण दूर करतो असे सांगणारे अनोळखी एक्स्टेंशन घालू नका. सर्व संकेतस्थळांवरचा मजकूर वाचण्याची परवानगी घेतलेले एक्स्टेंशन तुमचा पासवर्डही वाचू शकते.

दुसऱ्या ब्राउझरमधल्या कुकीज काढून आपल्या ब्राउझरमध्ये आणण्याची युक्ती काही जण सुचवतात. लॉगिननंतरची कुकी ज्याच्या हाती पडेल, तो पासवर्ड आणि ओटीपीशिवाय तुमच्या खात्यात शिरू शकतो. ती फाइल कुणाला पाठवू नका आणि अनोळखी साधनाने काढूही नका.

समाजमाध्यमांच्या अ‍ॅपमध्ये उघडलेल्या पानावर पासवर्ड लिहू नका. ती लिंक नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडा, पत्ता डोळ्यांनी वाचा, मगच पुढे जा. तसेच केवळ लॉगिन व्हावे म्हणून दोन टप्प्यांची पडताळणी बंद करू नका. या अडवणुकीचा तिच्याशी संबंध नसतो, आणि ती बंद केली की खात्याचे मोठे कवच जाते.

दुसरी वाट आजच तयार ठेवा

खाते आपले असेल तर त्यात शिरण्याचा मार्ग एकाच ब्राउझरच्या मान्यतेवर अवलंबून नसावा, ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. पुढची तयारी निवांत वेळी करून ठेवा.

दोन वेगवेगळ्या इंजिनांचे ब्राउझर संगणकावर ठेवा. रोजचे वाचन आवडत्या ब्राउझरवर करा. बँक, शासकीय सेवा आणि मुख्य ईमेल यांच्यासाठी फायरफॉक्ससारखा मोठा, पण वेगळ्या इंजिनाचा ब्राउझर राखून ठेवा. त्यात बाकी काही उघडू नका, म्हणजे तुमचा मागही कमी राहील.

ईमेलसाठी ब्राउझरच हवा असे नाही. थंडरबर्डसारख्या ईमेल प्रोग्रॅममध्ये जीमेलचे खाते जोडता येते. नुसत्या पासवर्डवर चालणारी जुनी जोडणी गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी 30 मे 2022 पासून बंद केली. म्हणून प्रोग्रॅम जेव्हा गूगलच्या अधिकृत पानावर परवानगी मागेल तेव्हा ती द्या, किंवा दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून 16 अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड तयार करा. एकदा जोडणी झाली की टपाल तुमच्या संगणकावर येते आणि ब्राउझरच्या भांडणापासून ते सुरक्षित राहते.

बॅकअप कोड छापून ठेवा. गूगल एका वेळी 10 कोड देते, प्रत्येक कोड 8 अंकी असतो आणि एकदाच चालतो. परदेशात राहणाऱ्यांनी किंवा शिकायला जाणाऱ्यांनी ही गोष्ट निघण्यापूर्वीच करावी. भारतातला नंबर रोमिंगवर चालू राहील असे गृहीत धरू नका. एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावा आणि खात्याला दुसरा पुनर्प्राप्ती-ईमेल जोडा.

जिथे सोय असेल तिथे पासवर्डऐवजी चालणारी पासकी किंवा सुरक्षा-किल्ली वापरा. यामागचे वेबऑथन हे मानक मार्च 2019 मध्ये अधिकृत झाले. पासकी खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते, त्यामुळे खोट्या पानावर ती चालतच नाही. ज्या फसवणुकीच्या भीतीने लहान ब्राउझर अडवले जातात, तिच्यावरचा हा खरा इलाज आहे, कारण इथे ब्राउझरच्या नावावर विश्वास ठेवावा लागत नाही. लहान ब्राउझरांत ही सोय असेलच असे नाही, ते आधी तपासा.

महत्त्वाच्या माहितीची प्रत स्वतःकडे ठेवा. गूगल टेकआउटमधून ईमेल, छायाचित्रे आणि संपर्क उतरवून घेता येतात. वर्षातून दोनदा तरी हे करा. आणि अर्ज भरायचा असेल तर मुदतीच्या आठवडाभर आधी लॉगिन करून पाहा.

लहान ब्राउझर निवडताना

नाव मोठे नाही म्हणून ब्राउझर धोकादायक ठरत नाही, तसा तो निर्धोकही ठरत नाही. यूसी ब्राउझर भारतात घरोघरी होता, तरी केंद्र सरकारने जून 2020 मध्ये बंदी घातलेल्या 59 चिनी अ‍ॅपमध्ये त्याचे नाव होते. म्हणून निवडताना चार प्रश्न विचारा. तो कोण बनवते? त्याचा कोड पाहता येतो का? त्याचे इंजिन कोणते? आणि मूळ इंजिनात सुरक्षेची दुरुस्ती झाली की या ब्राउझरमध्ये ती किती दिवसांत पोचते? क्रोम आणि फायरफॉक्सच्या नव्या आवृत्त्या साधारण चार आठवड्यांनी येतात. जो ब्राउझर अनेक महिने मागे राहतो, त्यात जगजाहीर झालेल्या फटी उघड्या असतात. अशा ब्राउझरवर बँकेचे काम करू नका, मग तो कितीही आवडता असो.

आपल्या देशातही नवे ब्राउझर घडत आहेत. केंद्र सरकारच्या देशी ब्राउझर स्पर्धेत झोहो कंपनीच्या उला या ब्राउझरला मार्च 2025 मध्ये पहिले पारितोषिक मिळाले. तोही क्रोमचा पाया असलेल्या क्रोमियमवरच उभा आहे. वेगळे इंजिन सांभाळणे किती खर्चाचे आहे, ते यावरून कळते. पण लॉगिनच्या दारावर फक्त दोनतीन नावेच चालणार असतील, तर वेगळे काही घडवण्याचे धाडस उद्या कोण करील?

तक्रार करा, नेमकी करा

ऑक्टोबर 2001 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन संकेतस्थळाने ऑपेरा आणि मोझिला वापरणाऱ्यांना प्रवेश नाकारला होता. वापरकर्त्यांनी आवाज उठवला आणि काही दिवसांतच ती बंदी मागे घ्यावी लागली. आवाज उठवल्याचा परिणाम होतो, फक्त तक्रारीत माहिती नेमकी हवी.

तक्रारीत ब्राउझरचे नाव आणि आवृत्ती, संगणकाची प्रणाली, तारीख आणि वेळ, आलेल्या संदेशाचे शब्द जसेच्या तसे, कोणत्या पायरीवर अडले आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये काय झाले, एवढे लिहा. पडद्याचे छायाचित्र जोडा, पण त्यात ईमेलचा पत्ता किंवा कोड दिसणार नाही याची काळजी घ्या. पहिली तक्रार तुमच्या ब्राउझरच्या कर्त्यांकडे करा, कारण उपाय सहसा तिथून येतो. दुसरी त्या सेवेच्या अभिप्राय-पानावर नोंदवा. फायरफॉक्सच्या वापरकर्त्यांना मोडलेल्या संकेतस्थळांची नोंद 'वेबकॉम्पॅट' प्रकल्पात करता येते. अडवणूक शासकीय संकेतस्थळावर झाली असेल, तर राज्याच्या सेवांसाठी 'आपले सरकार' आणि केंद्राच्या सेवांसाठी सीपीग्राम्स ही तक्रार निवारणाची व्यासपीठे आहेत. नागरिकाला सेवा मिळण्यासाठी विशिष्ट कंपनीचा ब्राउझर लागावा, हे मान्य करण्याचे कारण नाही.

तुमच्या महाविद्यालयाचे, पतसंस्थेचे किंवा ग्रंथालयाचे संकेतस्थळ कुणी बनवत असेल, तर त्यांनाही एक विनंती करा. ब्राउझरचे नाव पाहून दार बंद करू नका, लागणारी सुविधा त्यात आहे की नाही ते तपासा, आणि नसेल तर नेमके काय कमी आहे ते वापरणाऱ्याला स्पष्ट सांगा.

सुरुवात आज दोन कामांनी करा : बॅकअप कोड काढून कागदावर ठेवा आणि दुसऱ्या इंजिनाच्या ब्राउझरमधून एकदा लॉगिन करून पाहा. एवढे झाले की आवडता ब्राउझर निर्धास्तपणे वापरत राहा. तो ज्यांनी मेहनतीने घडवला, त्यांना टिकून राहण्यासाठी सर्वांत जास्त गरज वापरणाऱ्यांचीच आहे.